चौथी बाई

भुसावळ, जामनेर रोड. मे महिना.
एसी मशीनसाठी आहे, तुमच्यासाठी नाही,
असं फेगडे शेठ पहिल्याच दिवशी म्हणाले होते.
मी दिवसभर वाढदिवस लावते.
भावी नगरसेवकांच्या गालांवरचे डाग पुसते,
'हार्दीक'चा दीर्घ ऱ्हस्व करते,
'शुभेच्छूक'चाही.
गिऱ्हाईक म्हणतं, मॅडम, मराठी छान आहे हो तुमचं.
माझ्या स्कार्फकडे बघत म्हणतं.
मी म्हणते, होईल दादा, तुमचंही होईल.

मग सरकारी काम आलं.
बचत गटाचं कर्ज. दहा बाय वीस, चाळीस नग.
साहेबांनी कागदावर चार चौकोन आखून दिलेले:
डॉक्टर. शिक्षिका. शेतकरी. मुस्लिम.

मी कागद उलटून पाहिला,
मागं काही राहिलंय का लिहायचं.
नव्हतं राहिलं.
तिघींना काम होतं.
चौथी नुसतीच होती.

आधीच्या पोरानं जमवलेलं एक फोल्डर आहे.
त्यात ती सतरा वेळा सापडते.
सतरा वेळा काळी, सतरा वेळा फक्त डोळे,
नऊ जणींच्या डोळ्यांत पाणी,
मागं घुमट, घुमटावर चंद्र.
इथं असा चंद्र दिसायला
आधी दीपनगरच्या चिमण्या हलवाव्या लागतील.
एकीच्या हातात भाजीची पिशवी नाही.
एकीला घाम नाही.
एकीलाही हनुवटीखाली टाचणी टोचत नाही,
म्हणजे काढणाऱ्यानं कधी बांधला नव्हता.

तेव्हा मी बाई घरून आणली.
सावद्याची खाला, नजमुन्निसा पिंजारी,
केळीच्या वखारीत वजनं लिहिते.
हमालानं काट्याला चपलेचा अंगठा टेकवला
तर पाठमोरी असूनही तिला कळतं.
मोबाईलमधल्या फोटोत ती कुणावर तरी ओरडतेय,
तोंड अर्धं उघडं, एक दात कमी.
तोच घेतला.

कपाळावरचं वळण तीनदा चुकलं.
रोज आरशाशिवाय बांधते मी,
पण काढायला गेले तर हात अडला.
रंग केळफुलाचा दिला.
काळ्यानं माझं काही बिघडवलेलं नाही,
अम्मी काळाच घालते
आणि आख्ख्या गल्लीत तिचंच हसू आधी ऐकू येतं.
पण त्या सतरा जणींनी तो
वापरून वापरून संपवला होता.

खालाच्या हातात तराजू दिला,
तिला तिसऱ्या चौकोनात उभं केलं, मालाजवळ.
चौथा रिकामा राहिला.
बराच वेळ कर्सर लुकलुकत होता.
शेवटी तिथं एक खुर्ची काढली,
खुर्चीत एक बाई, हातात कप,
कुठल्या कामाची नाही, कुठल्या समाजाची नाही,
जरा वेळ टेकलेली.

साहेबांचा फोन.
छान झालंय. पण ह्यात मुस्लिम कुठंय?
तिसरी, सर.
अहो, ती तर तराजू धरून उभी आहे.
हो.
मग ती शेतमालाची झाली ना!
बराच वेळ नुसता त्यांच्याकडचा पंखा ऐकू आला.
मग म्हणाले, कोपऱ्यात चंद्र तरी टाका एखादा.

टाकला.
चौघींच्या वर, दिवसाढवळ्याचा,
शोधल्याशिवाय दिसणार नाही इतका फिका.
फेगडे शेठ म्हणाले, डाग आहे का गं तो? पूस.
म्हटलं, शासकीय आहे.

आठ दिवसांनी खालाचा फोन आला,
सावद्याच्या स्टँडवरून, मागं गाड्यांचे हॉर्न.
मला वाटलं, रडेल. निदान दुआ देईल.
म्हणाली, दात नाही भरलास, चांगलं केलंस.
पण हे तराजू कुठून आणलंस?
सहा वर्षं झाली, आमच्याकडं डिजिटल काटा आहे.
पारडं घेऊन केळी मोजतं का कुणी आता?

खरंच होतं.
तो मी त्याच फोल्डरमधून उचलला होता.
चाळीसच्या चाळीस नग
लागून झाले होते.